मंदावलेल्या एसएसडीची चिकित्सा

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने संगणकाच्या पोटातील एका भागावर अभ्यासलेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. हे काम विज्ञानशाखेकडे सोपवावे, असेही कोणी म्हणेल. परंतु आपली टिपणे, आपले प्रबंध आणि आपली ध्वनिमुद्रणे आज ज्या पेटीत राहतात, त्या पेटीचा स्वभाव आपणांस ठाऊक नसावा, हे मला पटत नाही. जुन्या दप्तरांवर काम करणाऱ्याला कागद कसा विरतो, शाई कशी उडते, कसर कोठून लागते हे माहीत असावे लागते. आपला कागद बदलला, एवढेच.

आमच्या मराठी विभागात एक लॅपटॉप आहे. गेली काही वर्षे तृतीय वर्षाचे विद्यार्थी आसपासच्या गावांत जाऊन जात्यावरच्या ओव्या, लग्नातली गाणी, वृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून आणतात. ते सारे ह्या लॅपटॉपवर साठविले जाते. गेल्या वर्षी मे महिन्यात त्यातील जुनी हार्ड डिस्क काढून तिच्या जागी तेवढ्याच क्षमतेची, म्हणजे ५०० गिगाबाइटची एसएसडी बसविली. काही दिवस सारे सुरळीत चालले. दिवाळीनंतर मात्र यंत्र असे रेंगाळू लागले की फाइल साठवायला सांगावी आणि कँटीनमधून चहा घेऊन यावे. तालुक्याच्या दुकानदाराने पाहिले न पाहिले, तोच निदान केले : "ड्राइव्ह गेला. नवा टाका." विभागाला हा खर्च झेपणारा नव्हता, हा एक भाग. पण 'गेला' म्हणजे नेमके काय झाले, याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते, हा माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा भाग. सरांनी शोध घेण्याचे काम माझ्याकडे दिले. त्या निमित्ताने जे वाचले आणि पडताळून पाहिले, ते येथे मांडते.

प्रथम एसएसडी म्हणजे काय, ते पाहू. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते. लॅपटॉपमधील तबकडी बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत थांबणे भाग असते. एसएसडीत फिरणारे काहीच नाही. सूक्ष्म पेशींमध्ये विद्युत्भार कोंडून ठेवायचा आणि तो किती आहे, यावरून अक्षर ओळखायचे, अशी तिची रीत. ह्या प्रकारच्या स्मृतीचा शोध जपानमधील तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी लावला. तिचा एक प्रकार १९८४ साली आणि आज एसएसडीत वापरला जातो तो 'नँड' प्रकार १९८७ साली जगापुढे आला. तिला 'फ्लॅश' हे नाव मासुओकांच्या एका सहकाऱ्याने सुचविले, असे सांगतात. पेशींचा मोठा समूह एका फटक्यात पुसला जातो, हे पाहून त्याला कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण झाली. नाव पडले ते लिहिण्यावरून वा वाचण्यावरून नव्हे, पुसण्यावरून पडले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कारण सारी गोम त्या पुसण्यातच आहे.

अशी कल्पना करा की एक वही आहे आणि तिच्यात खाडाखोड करण्यास सक्त मनाई आहे. कोऱ्या पानावर लिहिता येते, लिहिलेले वाचता येते. पण लिहिलेल्या पानावर पुन्हा लिहिता येत नाही, आणि एकटे पान पुसताही येत नाही. पुसायची झाली तर सबंध वही धुवून कोरी करावी लागते. एसएसडीतील 'पान' काही किलोबाइटांचे, पुष्कळदा १६ किलोबाइटांचे असते. आणि 'वही' अशा शेकडो किंवा हजारो पानांची, म्हणजे काही मेगाबाइटांची असते. आपण निबंधातला एक शब्द बदलून फाइल साठवितो, तेव्हा जुने पान तसेच राहते, दुरुस्त मजकूर दुसऱ्या कोऱ्या पानावर उतरतो आणि जुन्यावर 'रद्द' अशी खूण होते. कोरी पाने संपत आली, की एसएसडीतील नियंत्रक चिप एखादी वही निवडते, तिच्यातील कामाची पाने दुसरीकडे उतरवून घेते आणि मग ती वही धुते. आपण एक पान लिहिले, पण त्यापायी तिला पाच-पन्नास पाने उतरवावी लागली, असे घडू शकते. यंत्र रेंगाळते ते ह्या उतरवण्यात.

आता मुख्य मुद्दा. कोणते पान कामाचे आणि कोणते रद्द, हे चिपला कसे कळते? येथे दोन निरनिराळी खाती आहेत. एक खाते विंडोजचे : कोणती फाइल आहे, कोणती नाही. दुसरे चिपचे : कोणत्या पानावर मजकूर आहे. आपण फाइल खोडतो, तेव्हा विंडोज फक्त आपल्या खात्यातील नाव कमी करते. मजकुराला हात लावीत नाही. हार्ड डिस्कमध्ये त्याने काही बिघडत नव्हते, कारण त्याच जागेवर पुढे खुशाल नवे लिहिता येई. एसएसडीत मात्र चिपला ती फाइल मेल्याचा पत्ताच नसतो. आपल्याकडे जमीन विकली जाते, पण फेरफाराची नोंद होत नाही आणि सातबाऱ्यावर जुनेच नाव वर्षानुवर्षे चालत राहते, तसाच हा प्रकार. चिप त्या मेलेल्या पानांना जिवंत समजते आणि वही धुताना त्यांनाही इमानाने उचलून दुसऱ्या वहीत नेते. ही फेरफाराची नोंद पोहोचविणारी जी सूचना आहे, तिला 'ट्रिम' म्हणतात. विंडोजमध्ये ती २००९ साली, विंडोज ७ बरोबर आली. फाइल खोडली, की विंडोज चिपला कळविते : ही पाने आता आमची नव्हेत. शिवाय आठवड्यातून एकदा सर्व रिकाम्या जागेची यादी पुन्हा कळविली जाते. तिला 'रीट्रिम' म्हणतात.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. स्वस्त एसएसडीत एका पेशीत तीन किंवा चार बिट कोंबलेले असतात. एका बिटासाठी भाराच्या दोनच पातळ्या ओळखाव्या लागतात. तिनांसाठी आठ, चारांसाठी सोळा. इतक्या बारीक मापाने भार भरायचा, तर वेळ लागणारच. म्हणून चिप एक युक्ती करते. रिकाम्या पेशींपैकी काहींत तात्पुरता एकेकच बिट लिहून आलेला माल भराभर उतरवून घेते आणि सवडीने तो दाट भरते. सुगीत धान्य आधी खळ्यावर पडते, मग पोत्यांत जाते, तसे. पण खळ्याला मोकळी जागा हवी! जागाच नसेल, तर गाडीवरचा माल थेट पोत्यांत भरावा लागतो आणि गाड्यांची रांग लागते.

एवढी पूर्वतयारी झाल्यावर आमच्या लॅपटॉपकडे वळू.

पहिले काम तपासणीचे नव्हे, नकलेचे. सर्व ध्वनिमुद्रणे आम्ही बाहेरच्या दोन डिस्कांवर उतरविली. एक विभागात ठेवली, दुसरी सरांच्या घरी. आजारी ड्राइव्हवर कोणताही प्रयोग त्याआधी करू नये. ह्या बाबतीत मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे. एसएसडी पुष्कळदा कुरकुर न करता एकाएकी मुकी होते. हार्ड डिस्कसारखा खडखडाट करून ती पूर्वसूचना देत नाही.

नक्कल करतानाच पहिला धागा हाती लागला. वाचन उत्तम होते. वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमने सेकंदाला ५०० मेगाबाइटांच्या वर आकडा दाखविला. ह्या जातीच्या, म्हणजे साटा जोडणीच्या ड्राइव्हची मजल साधारण ५५० पर्यंतच असते. लेखन मात्र पहिले काही क्षण ३८० ने धावे आणि लगेच ३५ वर कोसळे. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के गुंतलेली दिसे आणि काम मात्र सेकंदाला दोन-चार मेगाबाइटांचे. वाचन चांगले, लेखन वाईट, एवढ्या एका निरीक्षणाने पुष्कळ संशयित सुटले. जोडणीचा दोष असता, तर दोन्ही मंदावले असते. जुन्या साटा जोडणीवर तर वाचनाचा आकडा ३०० च्याही खालीच अडला असता.

स्मृती, म्हणजे रॅम, अपुरी असली तरी डिस्क अशीच गुंतलेली दिसते, कारण विंडोज रॅममध्ये न मावणारा माल सतत डिस्कवर टाकते आणि परत उचलते. चार गिगाबाइट रॅमचे पुष्कळ लॅपटॉप ह्याच कारणाने रडतात आणि बोल एसएसडीला लागतो. आमच्याकडे आठ होती आणि निम्मी मोकळी होती. उष्णतेचा प्रश्न मुख्यतः एनव्हीएमई जातीच्या वेगवान पट्ट्यांचा. त्या तापल्या की आपण होऊन वेग कमी करतात आणि निवल्या की पूर्ववत होतात. आमचे यंत्र सकाळी थंड असतानाही तितकेच मंद होते.

मग प्रकृती पाहिली. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम ड्राइव्हच्या स्वतःच्या नोंदी वाचून दाखवितो. आयुष्य ९७ टक्के शिल्लक, निकामी झालेल्या वह्या शून्य, जोडणीतील चुका शून्य. दुकानदाराचे 'गेला' येथेच निकालात निघाले.

येथे एक जुने प्रकरण आठवते, कारण त्याची लक्षणे आमच्या नेमकी उलट होती. सॅमसंगची ८४० इव्हो ही एसएसडी २०१३ साली बाजारात आली. पुढे लोकांच्या लक्षात आले की नव्या फाइली झपाट्याने वाचल्या जातात, पण काही आठवडे वा महिने न हलविलेल्या फाइली अतिशय सावकाश. पेशींतील भार काळाने किंचित सरकत होता आणि तो ओळखताना चिपला पुनःपुन्हा प्रयत्न करावे लागत होते. कंपनीने ऑक्टोबर २०१४ मध्ये एक उपाय दिला. तो पुरा पडला नाही, म्हणून एप्रिल २०१५ मध्ये दुसरा दिला. तेव्हा फक्त जुन्या फाइलींचे वाचन मंदावले असेल, तर कंपनीने ड्राइव्हसाठी नवे फर्मवेअर काढले आहे काय, हे पाहावे. आमच्याकडे जुन्यातली जुनी ओवीही चटकन उघडत होती.

राहता राहिले रिकाम्या जागेचे. विंडोज म्हणे, एकूण ४६५ गिगाबाइटांपैकी २१० मोकळे आहेत. पाचशेचे ४६५ कसे झाले, असे कोणी विचारील. कारखानदार हजाराने मोजतो आणि विंडोज १,०२४ ने, एवढाच तो फरक. कोणी काही चोरलेले नाही. पण २१० गिगाबाइट मोकळे असताना खळ्याला जागा नसावी, हे कसे?

विंडोजमध्ये 'डिफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' नावाची खिडकी आहे. ती उघडली. ड्राइव्हचा प्रकार बरोबर, म्हणजे सॉलिड स्टेट, असा लिहिला होता. शेवटचे ऑप्टिमाइझ केव्हा झाले, ह्या रकान्यात होते : 'नेव्हर रन'. आणि खाली, साप्ताहिक वेळापत्रक : 'ऑफ'.

हे वेळापत्रक कोणीतरी चांगल्या हेतूनेच बंद केले असणार. एसएसडीला डिफ्रॅगमेंट करू नये, त्याने ती झिजते, हे वाक्य सगळीकडे ऐकू येते आणि ते खरेही आहे. पण विंडोज ८ पासून ह्याच खिडकीतील हेच बटण हार्ड डिस्क असेल तर फाइलींचे तुकडे जुळविते आणि एसएसडी असेल तर रीट्रिम करते. नाव जुने राहिले आणि काम बदलले. शब्दाचा अर्थ बदलत जातो, हे भाषाविज्ञानाच्या तासाला आपण शिकतो. त्याची किंमत अशीही मोजावी लागते.

तरीही कोडे पुरते सुटले नव्हते. वेळापत्रक बंद असले, तरी रोजच्या खोडण्याच्या सूचना चिपला जातच होत्या. मग विंडोजच्या लेखी मोकळी असलेली जागा चिपच्या लेखी भरलेली कशी? उत्तर मे महिन्यातील बिलावर सापडले. बिलावर 'क्लोनिंग' असे लिहिले होते. दुकानातील मुलाला जाऊन विचारले, तेव्हा तो म्हणाला, "ताई, मी नेहमी सेक्टर बाय सेक्टरच मारतो. काही सुटायची भानगडच नाही." म्हणजे त्याने केवळ फाइली उतरविल्या नव्हत्या, जुन्या तबकडीचा इंच न् इंच, रिकाम्या जागेतील जुन्या कचऱ्यासकट, नव्या एसएसडीवर लिहिला होता. पहिल्याच दिवशी चिपच्या खात्यावर सर्व ५०० गिगाबाइट भरले. विंडोजला त्या कचऱ्याची नावेच माहीत नव्हती, म्हणून तो खोडल्याची सूचनाही कधी गेली नाही. आठवड्याच्या रीट्रिमने हा घोळ पहिल्या रविवारीच मिटला असता. पण ते बंद! मग आरंभी यंत्र चपळ कसे वाटले? एक तर हार्ड डिस्कनंतर काहीही चपळच वाटते. दुसरे, चिपपाशी स्वतःची थोडी राखीव जागा असते आणि हलक्या वापरात ती पुरते. दिवाळीच्या सुटीतील दौऱ्यांनंतर आम्ही लांबलांब मुद्रणे एकदम उतरविली आणि राखीव जागेचा दम संपला.

आता फक्त 'ऑप्टिमाइझ' हे बटण दाबायचे होते. दाबण्यापूर्वी मी रीट्रिमचा परिणाम सरांना समजावून सांगत होते : ह्या कचऱ्यावर एकदा चिपने पाणी सोडले, की तो जगातील कोणत्याही प्रोग्रॅमला परत मिळणार नाही. त्यावर सर काही वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग थांब जरा. त्या कचऱ्यात आपलं काही आहे का?"

होते. जुन्या हार्ड डिस्कवर जागा पुरेना, म्हणून पूर्वीच्या एका तुकडीने एक फोल्डर खोडले होते. त्याची नक्कल कोठेतरी आहे, असा सर्वांचा समज होता; ती कोठेच नव्हती. आणि जुनी डिस्क तर दुकानदाराच्या भंगारात गेलेली. पण सेक्टर बाय सेक्टर नकलेमुळे त्या खोडलेल्या फोल्डरचा मजकूरही एसएसडीवर आलेला असणार आणि रीट्रिम कधीच न झाल्यामुळे अजून शाबूत असण्याचा संभव होता. ज्या कारणाने यंत्र रेंगाळत होते, त्याच कारणाने ही एक शक्यता जिवंत राहिली होती. ट्रिम नेटकी चालणाऱ्या एसएसडीवर खोडलेली फाइल परत मिळण्याची आशा जवळजवळ नसतेच. हार्ड डिस्कच्या काळात 'दुकानात दिली की काढून देतात' असे जे आपण म्हणत असू, ते आता विसरलेले बरे.

येथे सावधगिरी हवी होती. विंडोज चालू असले की ते सतत काही ना काही लिहीत असते आणि ते नेमके आपल्या हव्या त्या जागेवर बसू शकते. म्हणून विंडोज सुरूच केले नाही. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केले आणि फोटोरेक नावाचा मोफत प्रोग्रॅम लावला. हा ड्राइव्हवर काही लिहीत नाही. प्रत्येक प्रकारच्या फाइलीची सुरुवात ठरावीक खुणेने होते. ती खूण शोधत तो सगळी जागा वाचीत जातो आणि सापडलेली फाइल बाहेरच्या डिस्कवर उतरवितो. फक्त फाइलींची नावे मिळत नाहीत, कारण नावे खात्यात असतात, मजकुरात नव्हे. रात्रभर यंत्र चालू ठेवले. शिपाईमामांना मुद्दाम सांगून ठेवले की सकाळी मेन स्विचला हात लावू नका.

सकाळी शेकडो ध्वनिफाइली जमा झालेल्या होत्या. बहुतेक निरर्थक आवाज किंवा आमच्याकडे आधीच असलेली मुद्रणे. यादीशी ताडून पाहता अकरा नवी निघाली. त्यांतील पाच अखंड होती. सहा अर्ध्यावर तुटून पुढे नुसती खरखर. तबकडीवर ती सलग लिहिली गेली नव्हती, त्यामुळे फोटोरेकला पुढचा तुकडा जुळविता आला नाही. अखंड पाचांपैकी एकात ज्या आजी ओव्या म्हणतात, त्या दोन वर्षांपूर्वी वारल्या. त्यांच्या नातीला, जी आता आमच्याच महाविद्यालयात प्रथम वर्षात आहे, ते मुद्रण सरांनी ऐकविले. त्याविषयी येथे अधिक लिहिणे प्रशस्त नाही.

त्यानंतर अकरा फाइलींच्या दोन नकला झाल्या आणि मगच विंडोज सुरू करून बटण दाबले. रीट्रिम काही मिनिटांत झाले. चिपला मोकळ्या वह्या धुण्यास सवड मिळावी, म्हणून यंत्र चालू, पण निष्काम, असे आणखी एक रात्र ठेवले. दुसऱ्या दिवशी तीच बारा गिगाबाइटांची नक्कल अखेरपर्यंत ४०० च्या आसपास चालली. त्याहून पुष्कळ मोठी नक्कल केली, तर वेग ९० पर्यंत उतरतो. खळे भरले की तसे होणारच. तो ह्या स्वस्त ड्राइव्हचा पिंड आहे, रोग नव्हे, आणि त्यावर कोणतेही बटण नाही. साप्ताहिक वेळापत्रक आता चालू आहे.

ज्या मित्रमैत्रिणींनी हे वाचून आपापली खिडकी उघडून पाहण्याचे मनात आणले असेल, त्यांच्यासाठी दोनचार गोष्टी. एकपंचमांश जागा मोकळी ठेवावी. काठोकाठ भरलेल्या ड्राइव्हला ट्रिम तरी काय सांगणार? वेग मोजणारे प्रोग्रॅम गंमत म्हणून रोज चालवू नयेत. ते प्रत्येक वेळी गिगाबाइटगणती लिहितात. यूएसबीच्या डबीत घातलेल्या एसएसडीपर्यंत ट्रिमची सूचना पोहोचतेच असे नाही; डबीतील चिपवर ते अवलंबून असते. आणि कपाटात बंद करून वर्षानुवर्षे ठेवायची नक्कल एसएसडीवर ठेवू नये. कोंडलेला भार हळूहळू गळतो. साध्या वापराच्या एसएसडीने, आयुष्य संपत आल्यावर, विजेविना ३० अंश तापमानात एक वर्ष मजकूर टिकवावा, इतकीच अपेक्षा ह्या उद्योगाच्या मानकात धरलेली आहे. नवी एसएसडी त्याहून अधिक टिकवील, हे खरे. पण आमच्या विभागाच्या पत्र्याच्या कपाटात एप्रिल-मेमध्ये ३० अंश कोठले? आमच्या दोन्ही नकला म्हणूनच साध्या हार्ड डिस्कांवर आहेत आणि दर सहा महिन्यांनी त्या लावून, फाइली उघडून पाहण्याचे रजिस्टर घातले आहे.

तुटलेल्या सहा मुद्रणांतले जेवढे ऐकू येते, तेवढे लिहून काढण्याचे काम सध्या आम्ही चौघीजणी करीत आहोत. त्यांतील एकात गावाचे नाव स्पष्ट ऐकू येते, बाईंचे नाव येण्याआधीच खरखर सुरू होते. पुढील महिन्यात त्या गावी जाऊन विचारावयाचे ठरले आहे.